विश्लेषण : विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला मुंबईच्या… लीला राव यांचे नाव विस्मरणात का गेले?

पनवेलहून द्रुतगती मार्गाने पुण्याकडे निघाले की दोन तासांत बालेवाडी येते. २०१८ ते २०२३ या काळात तेथे महाराष्ट्र ओपन ही पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरत होती. एकेरीचा सामना जिंकला की गुण मिळतात, पैसे मिळतात, क्रमवारी सुधारते. मात्र यातले काहीच मिळत नसतानाच्या काळात मुंबईच्या एका तरुणीने विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला होता. त्या होत्या लीला राव.

लीला राव कोण होत्या?

लीला यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत झाला. वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतील नामांकित डॉक्टर. आई पंडिता क्षमा राव या संस्कृत कवयित्री. गांधीजींच्या लढ्यावरील त्यांचे ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य १९३२ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाले. आजोबा शंकर पांडुरंग पंडित हे मूळचे सावंतवाडीकडचे, तुकारामांच्या गाथेचे आणि अथर्ववेदाचे संपादक. अशा विद्वानांच्या घरात टेनिसची रॅकेट आली ती आईमुळेच. क्षमाबाई स्वतः उत्तम टेनिस खेळत आणि मुलीच्या पहिल्या प्रशिक्षकही त्याच. लीला यांचे शिक्षण भारतासह इंग्लंड आणि फ्रान्समध्ये झाले. व्हायोलिनचेही धडे त्यांनी घेतले.

देशातील कामगिरी कशी होती?

अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत लीला यांनी १९३१ मध्ये महिला एकेरीचे पहिले जेतेपद मिळवले. १९३६ ते १९३८ अशी सलग तीन वर्षे त्या अजिंक्य होत्या. १९४३ पर्यंत त्यांच्या नावावर एकेरीची एकूण सात जेतेपदे जमा झाली.

१९३४ मध्ये विम्बल्डनला काय घडले?

त्या वेळी मुंबईहून युरोप गाठायचे तर बोटीचा लांबचा प्रवास होता. तेथे गवताच्या कोर्टवर २२ वर्षांच्या लीला यांची पहिल्या फेरीत ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल यांच्याशी गाठ पडली. पहिला सेट लीला यांनी ४-६ असा गमावला. दुसरा गेला असता तर तेथेच सारे संपले असते. तेव्हा टायब्रेक नव्हता. तो विम्बल्डनमध्ये १९७१ मध्ये आला. त्यामुळे दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट सुरूच राहायचा. लीला यांनी तो १०-८ असा खेचून आणला आणि तिसरा ६-२ असा सहज जिंकला. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांनी त्यांना हरवले. १९३५ मध्ये त्या पुन्हा गेल्या, पण पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमन यांच्याकडून पराभूत झाल्या.

मग नाव मागे का पडले?

याचे एक कारण नोंदींच्या पद्धतीत आहे. १९६८ पूर्वी विम्बल्डन फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांना तेथे प्रवेश नव्हता. १९६८ पासून दोघांनाही दार उघडले आणि ‘खुले युग’ सुरू झाले. आज बहुतेक आकडेवारी तेथूनच मोजली जाते. म्हणूनच ग्रँड स्लॅम एकेरीत मुख्य फेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून निरुपमा वैद्यनाथन यांचे नाव घेतले जाते. त्यांनी तो मान १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मिळवला. खुल्या युगापुरते ते अगदी बरोबर आहे. पण ‘खुल्या युगातील’ हे दोन शब्द गळले, की लीला राव यांची ६४ वर्षे आधीची नोंद पुसली जाते.

खेळानंतरचे आयुष्य कसे होते?

१९४३ मध्ये त्यांनी सनदी अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी विवाह केला. दयाळ पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. रॅकेट बाजूला ठेवल्यावर लीला यांनी लेखणी हाती घेतली. भारतीय नृत्यावर त्यांनी ‘नृत्तमंजरी’ हे पुस्तक लिहिले. आईच्या संस्कृत कथांवरून संस्कृत नाटिका रचल्या. आईने मुलीला टेनिस शिकवले, तर मुलीने आईच्या कथा रंगमंचापर्यंत आणल्या.

आज त्यांची आठवण का ठेवायची?

आता मुंबईत महिलांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर परदेशी खेळाडूंसमोर भारतीय मुली उतरतात. त्यांच्या हाताशी प्रशिक्षक असतात, क्रमवारी आणि बक्षिसाची रक्कम असते. लीला यांच्या वेळी क्रमवारी आणि बक्षिसाची रक्कम नव्हती, प्रशिक्षक होती ती आई. तरीही पहिला सेट गमावल्यावर त्या १८ गेमच्या सेटमध्ये टिकून राहिल्या. पुढच्या वेळी ‘पहिली भारतीय महिला’ असा उल्लेख वाचनात आला, तर तो कोणत्या वर्षापासून मोजला आहे, हे जरूर पाहावे.