दिग्विजयसिंहजी रणजितसिंहजी जाडेजा

दिग्विजयसिंहजी रणजितसिंहजी जाडेजा (जन्म : सडोदर, काठियावाड, १८ सप्टेंबर १८९५, मृत्यू : मुंबई, ३ फेब्रुवारी १९६६) हे काठियावाडातील नवानगर (आजचे जामनगर) संस्थानाचे १९३३पासूनचे अधिपती होते. नवानगरच्या राजांना जामसाहेब ही पदवी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमधून परागंदा झालेल्या शेकडो मुलांना त्यांनी आपल्या संस्थानात आश्रय दिला. पोलंडमध्ये ते ‘भला महाराजा’ या नावाने ओळखले जातात.

पूर्वायुष्य

प्रख्यात क्रिकेटपटू व नवानगरचे राजे रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते होत. दिग्विजयसिंहजींचे शिक्षण राजकोटचे राजकुमार कॉलेज, इंग्लंडमधील मॅल्व्हर्न कॉलेज आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज येथे झाले. १९१९मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले व पुढे वझिरिस्तानच्या मोहिमेतही त्यांनी भाग घेतला. निपुत्रिक रणजितसिंहजींनी त्यांना दत्तक घेतले होते. १९३३ साली चुलत्यांच्या निधनानंतर ते गादीवर आले. १९३५मध्ये सिरोहीच्या राजकन्या गुलाबकुंवरबा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९३७–३८ या काळात ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. १९३७ ते १९४४ या काळात संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे कुलपतिपद त्यांच्याकडे होते. युद्धकाळात ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धमंत्रिमंडळात आणि पॅसिफिक युद्ध परिषदेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

पोलिश निर्वासितांची पार्श्वभूमी

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४०पासून पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी दूरच्या प्रदेशांत हद्दपार केले. उपासमार, थंडी आणि रोगराई यांमुळे असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. जून १९४१मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यावर परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन हद्दपार पोलिश नागरिकांची सुटका झाली. सुटलेल्यांमध्ये आईबाप गमावलेली किंवा त्यांच्यापासून ताटातूट झालेली हजारो मुले होती. त्यांना ठेवून घेण्यास कोणी तरी देश तयार होणे आवश्यक होते.

निर्वासितांच्या दर्जासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ साली झाला. त्यापूर्वीच्या या काळात परक्या मुलांना आश्रय देण्याचे बंधन नवानगरसारख्या संस्थानावर नव्हते. शिवाय संस्थानांचे परराष्ट्रसंबंध ब्रिटिश सत्तेच्या हाती असल्याने त्या सरकारच्या संमतीवाचून काहीच करता येत नव्हते आणि खर्चाचा भार उचलण्यास ते सरकार नाखूश होते. अशा स्थितीत जामसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. नरेंद्र मंडळातील त्यांच्या पदामुळे इतर संस्थानिकांकडून निधी उभारणे शक्य झाले. काही भारतीय उद्योगसमूहांनीही देणग्या दिल्या.

बालाचडीची वसाहत

मुलांची पहिली तुकडी १९४२ साली अश्काबादहून मशहदमार्गे मालमोटारींतून खुष्कीच्या मार्गाने भारतात आली. वसाहतीचे बांधकाम पूर्ण होईपर्यंत या मुलांना मुंबईत वांद्रे येथे ठेवण्यात आले. जुलै १९४२मध्ये जामनगरजवळ, कच्छच्या आखाताच्या किनाऱ्यावरील बालाचडी येथे वसाहत सुरू झाली. जामसाहेबांचा उन्हाळी प्रासाद तेथून जवळच होता. वसाहतीत राहून गेलेल्या मुलांची संख्या वेगवेगळ्या नोंदींत सुमारे ६००पासून १,०००पर्यंत दिली जाते.

फादर फ्रांचिशेक प्लुता हे वसाहतीचे प्रमुख होते. मुलांसाठी राहण्याच्या बराकी, दवाखाना, प्रार्थनागृह आणि पोलिश भाषेतून शिक्षण देणारी शाळा होती. बालवीर पथकही होते. मुलांची भाषा, धर्म व सणवार कायम राहावेत, अशी व्यवस्था करण्यात आली होती. मुलांनी स्वतःला अनाथ समजू नये, आपणच त्यांचे बापू आहोत, असे जामसाहेबांनी त्यांना सांगितल्याची आठवण तेथे वाढलेल्या अनेकांनी नोंदवली आहे. मुलांचे कार्यक्रम पाहण्यास ते जातीने उपस्थित राहत.

जहाजाची आख्यायिका

निर्वासितांनी भरलेले एक जहाज अनेक बंदरांतून व अखेरीस मुंबईहूनही परतवले गेले आणि जामसाहेबांनी त्यास आपल्या बंदरात उतरू दिले, अशी कथा मोठ्या प्रमाणावर प्रसृत आहे. मात्र पहिली तुकडी वर सांगितल्याप्रमाणे जमिनीवरून आली. बालाचडीची वसाहत पत्रव्यवहार, परवानगी, निधी व बांधकाम अशा टप्प्यांतून उभी राहिली आणि साडेचार वर्षे चालवली गेली.

वळिवडे आणि परतपाठवणीचा प्रश्न

१९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची मोठी छावणी उघडण्यात आली. तिचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार करीत होते. १९४६च्या अखेरीस बालाचडीची वसाहत बंद झाली, तेव्हा तेथील उरलेली मुले वळिवडे येथे हलवण्यात आली.

युद्ध संपल्यावर नवा पेच उभा राहिला. जुलै १९४५मध्ये ब्रिटन व अमेरिकेने वॉर्सातील साम्यवादी प्रभावाखालील सरकारला मान्यता दिली. ज्या पूर्व भागातून बहुतेक निर्वासित आले होते, तो सोव्हिएत संघात समाविष्ट झाला होता. त्यामुळे परत जावे असे घर अनेकांना उरले नव्हते. मुलांना सक्तीने परत पाठवले जाऊ नये म्हणून जामसाहेब, फादर प्लुता आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी यांनी त्यांतील अनेकांचे पालकत्व दत्तकविधानाने स्वीकारले, असे वृत्तान्त उपलब्ध आहेत. पुढे काही मुले पोलंडला परतली, तर अनेक जण ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत स्थायिक झाले.

१९४८मध्ये वळिवड्याची छावणी रिकामी झाली. त्यानंतर त्याच बराकींत फाळणीमुळे घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना वसवण्यात आले. ती वसाहत म्हणजे आजचे गांधीनगर होय.

स्वातंत्र्योत्तर कार्य

ऑगस्ट १९४७मध्ये दिग्विजयसिंहजींनी नवानगर संस्थान भारतात सामील केले. १९४८मध्ये काठियावाडातील संस्थानांचे एकत्रीकरण होऊन बनलेल्या सौराष्ट्र राज्याचे ते राजप्रमुख झाले आणि १९५६पर्यंत त्या पदावर राहिले. संयुक्त राष्ट्रांतील भारतीय शिष्टमंडळाचे उपनेते म्हणूनही त्यांनी काम केले. सोमनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीसाठी स्थापन झालेल्या विश्वस्त मंडळाचे ते अध्यक्ष होते.

मृत्यू व स्मृती

३ फेब्रुवारी १९६६ रोजी वयाच्या ७०व्या वर्षी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे पुत्र शत्रुशल्यसिंहजी जामसाहेब झाले.

बालाचडी येथे आज सैनिक शाळा असून परिसरात पोलिश मुलांचे स्मारक आहे. पोलंडने त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. वॉर्सा शहरातील एका चौकास ‘भला महाराजा’ हे नाव असून २०१४ साली त्यांचे स्मारक उभारण्यात आले. तेथील बेडनार्स्का शाळेनेही त्यांचे नाव धारण केले आहे. २०१६मध्ये, त्यांच्या निधनास ५० वर्षे झाली त्या वर्षी, पोलंडच्या संसदेने त्यांच्या कार्याचा गौरव करणारा ठराव एकमताने संमत केला. वॉर्सात कोल्हापूरच्या छावणीचेही स्मारक असून ऑगस्ट २०२४मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही स्मारकांना अभिवादन केले.