कॅप्टन फोर्सिथ : बंदुकीचा धक्का आणि सातपुड्याचे रान

अमरावती जिल्ह्यातील मेळघाट आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा यांना कवेत घेणाऱ्या सातपुड्याच्या अभ्यासकांना कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव परिचित आहे. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथाचे लेखक म्हणून ते ओळखले जातात. मात्र त्याआधी त्यांनी बंदुकीवर ग्रंथ लिहिला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

फोर्सिथ यांचा जन्म १८३८ चा. मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली आणि या तरुण अधिकाऱ्याकडे तेथील वनांचे काम आले. १८६२ ते १८६४ या काळात त्यांनी अमरकंटकपर्यंतचा डोंगराळ मुलूख पालथा घातला. पचमढीत ‘बायसन लॉज’ बांधले. पुढे ते निमाड जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी व डेप्युटी कमिशनर झाले. निमाडच्या दक्षिणेला मेळघाट. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेले, तर निमाड मध्य प्रांतात. पण ही सीमा कागदावरची होती. सागाचे रान एकच होते आणि कोरकूंची वस्ती दोन्हीकडे होती.

त्या काळी शिकार ठासणीच्या बंदुकीने होई. अंतराचा अंदाज किंचित चुकला, की गोळी जनावराच्या वरून किंवा खालून जाई. जखमी वाघ शिकाऱ्यावर उलटे. दारू वाढवली, तर गोळी वेगाने व सरळ जाते. पण नळीतील आट्यांचा पीळ घट्ट असेल, तर वाटोळी गोळी आटे सोडून घसरते. फोर्सिथ यांनी पीळ अगदी सैल ठेवण्याचा पुरस्कार केला. सुमारे साडेआठ फूट लांबीत एक फेरा, असे त्यांचे प्रमाण होते. त्यामुळे भरपूर दारू ठासूनही नेम टिकू लागला. ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ या त्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८६७ मध्ये निघाली.

या शक्तीची किंमत खांद्याला मोजावी लागे. जितक्या जोराने गोळी पुढे, तितक्याच जोराने बंदूक मागे. दस्त्याच्या टोकाला बहुधा धातूची पट्टी असे. धक्क्याच्या धास्तीने शिकारी चाप ओढतानाच दचकतो आणि नेम ढळतो. म्हणून बंदुकीचे वजन आणि दस्त्याची लांबी यांना महत्त्व होते. दस्त्याला रबराची गादी बसवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. नवी गादी जितकी जाड, तितके लाकूड कापावे लागते. नाहीतर दस्ता लांबतो आणि बंदूक खांद्याला नीट लागत नाही. कडक झालेली जुनी गादी बदलतानाही हेच माप सांभाळावे लागते.

धक्का सोसण्याजोगा झाला, नेम अचूक झाला आणि पुढील पिढ्यांच्या शिकाऱ्यांपुढे वाघ, गवे अधिकच हतबल झाले. विशेष म्हणजे, याच फोर्सिथ यांनी रेल्वेच्या स्लीपरांसाठी झालेल्या बेसुमार वृक्षतोडीची नोंद केली आणि गोंड-कोरकूंचे जीवन बारकाईने टिपले. त्यांच्या ठायी शिकारी आणि वनाधिकारी एकत्र नांदत होते. त्यातील विसंगती त्या युगाचीच होती.

१८७१ च्या मे महिन्यात लंडन येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे तेहतीसच्या आसपास. त्यांचा मुख्य ग्रंथ त्याच वर्षी मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

त्यानंतर शतकभराने, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपले. १९७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गणला गेला. फोर्सिथ यांची बंदूक आता इतिहासजमा झाली आहे. पूर्वी हे रान कसे होते, हे समजून घेण्यासाठी त्यांचा ग्रंथ मात्र आजही उघडावा लागतो.