टीबीचा जंतू शोधणाऱ्या डॉक्टरचं औषध सपशेल फसलं, पण त्याचीच पुढं टेस्ट झाली

दोन आठवडे खोकला गेला नाही की सरकारी दवाखान्यात हातात एक छोटी डबी ठेवतात. सकाळचा बेडका त्यात आणून द्या म्हणतात. ही डबी जिथून सुरू झाली, तो माणूस म्हणजे डॉ. रॉबर्ट कॉख.

११ डिसेंबर १८४३ ला जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावात त्यांचा जन्म झाला. घरात १३ भावंडं. डॉक्टर झाल्यावर नोकरी मिळाली ती व्होलश्टाइन नावाच्या आडगावात, जे आज पोलंडमध्ये आहे. ना प्रयोगशाळा, ना सहकारी. पेशंट तपासून झाले की हे गडी घरातच पडदा लावून मायक्रोस्कोपला डोळा लावायचे. तो मायक्रोस्कोपही बायकोनं, एमीनं, भेट दिलेला. याच खोलीतून १८७६ साली त्यांनी अँथ्रॅक्स कोणत्या जंतूमुळं होतो ते दाखवून दिलं. मग १८८० मध्ये बर्लिनचं बोलावणं आलं.

तेव्हा युरोपात दर सात मृत्यूंपैकी एक टीबीचा असायचा. हा रोग आनुवंशिक आहे असं अनेक डॉक्टरही मानायचे. जंतू दिसतच नव्हता, कारण त्याच्यावर मेणासारखं आवरण असतं आणि साधा रंग त्याला धरत नाही. कॉख यांनी मिथिलीन ब्लू वापरून बराच खटाटोप केला, आणि एकदाच्या त्या बारीक निळ्या काड्या दिसल्या. २४ मार्च १८८२ ला त्यांनी हे जाहीर केलं. आजचा जागतिक क्षयरोग दिन तो हाच.

एर्लिख, झील आणि नील्सन यांनी पुढं रंगवायची पद्धत सुधारली. तीच आपली बेडक्याची तपासणी. ती स्वस्त आहे, खेड्यातही होते. पण एक मिलिलिटर बेडक्यात साधारण १० हजार जंतू असतील तरच ते नजरेला पडतात. त्यामुळं लहान मुलं आणि एचआयव्हीचे पेशंट बऱ्याचदा निसटतात. औषधाला न जुमानणारा टीबी आहे का, हेही त्यात कळत नाही.

१८९० मध्ये कॉख यांनी टीबीवर औषध सापडल्याचं सांगितलं आणि पेशंटची रीघ बर्लिनला लागली. औषधात काय आहे ते मात्र त्यांनी लपवून ठेवलं. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल पेशानं डॉक्टर. ते बर्लिनला जाऊन आले आणि शंका घेऊनच परतले. काही महिन्यांत पेशंट दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ट्युबरक्युलिन नावाचं ते औषध म्हणजे टीबीच्याच जंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क निघाला. मोठ्या माणसाची ही चूक लहान नव्हती, लोकांनी जिवानं किंमत मोजली.

पण ज्याला टीबीची लागण झालीय त्याच्या कातडीवर हा अर्क टोचला की गाठ उठते. यावरूनच १९०८ च्या सुमारास मांटू टेस्ट आली. शरीरात जंतू शिरलाय एवढंच ती सांगते, आजार झालाय की नाही ते नाही. शिवाय निकालासाठी दोन-तीन दिवस थांबावं लागतं.

मधल्या काळात, १८९७ ला, कॉख प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईलाही येऊन गेले. १९०५ ला नोबेल मिळालं आणि २७ मे १९१० ला ते गेले.

वेगवान टेस्ट यायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जीनएक्स्पर्टला मान्यता दिली. दोन तासांत जंतूचा डीएनए सापडतो, रिफाम्पिसिन चालेल की नाही तेही कळतं. अडचण विजेची. लाईट गेली, खोली तापली की मशीन अडतं. गोव्यातल्या मोलबायोचं ट्रूनॅट इथं कामाला आलं, कारण ते बॅटरीवर चालतं.

रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी सांगणाऱ्या टेस्टही झटपट होत्या, पण निकाल इतका चुकायचा की भारतानं २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. कुणी आजही त्या करायला सांगत असेल तर सरळ नाही म्हणा.

बरं, औषध लागू पडतंय का हे बघायला मात्र ही डीएनएची मशीन चालत नाहीत. त्यांना मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो. त्यासाठी पुन्हा तीच डबी, तोच बेडका आणि मायक्रोस्कोप.