घटक ४ : पंडिता रमाबाई – दुःख, प्रार्थना आणि भाषा

४.१ प्रस्तावना

रहिमतपूर परिसरातील आपल्यापैकी अनेकांना पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे परिचयाची आहे. त्याच मिरजेत १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. पंडिता रमाबाईंची ती एकुलती एक कन्या आणि त्यांच्या कार्याची वारस. रमाबाई त्या वेळी ६३ वर्षांच्या होत्या आणि बायबलच्या मराठी भाषांतराचे काम अद्याप पूर्ण व्हायचे होते. या आघातानंतरचे त्यांचे वर्तन समजून घ्यायचे, तर त्यांच्या जीवनात प्रार्थनेचा अर्थ कसा पालटत गेला, हे आधी पाहिले पाहिजे.

४.२ जीवन आणि श्रद्धा

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. आईने ती विद्या रमाबाईंना दिली. तीर्थयात्रा आणि पुराणकथन हाच कुटुंबाचा जीवनक्रम होता. पुढे दुष्काळ आला. व्रते, दाने, अनुष्ठाने सारे करूनही अन्न मिळाले नाही. वडील, आई आणि बहीण काळाच्या पडद्याआड गेली. केलेल्या प्रार्थनेचे फळ मिळाले नाही, हा अनुभव रमाबाईंनी अगदी तरुण वयात घेतला.

१८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. परंतु १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. येथे एक बाब लक्षात घ्यावी. धर्मांतर करताना आपल्याला धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र नंतर गवसला, अशी कबुली त्यांनी आपल्या आत्मकथनात दिली आहे. म्हणजेच त्यांचा विश्वास एका दिवसात सिद्ध झालेला नाही.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. एके काळी दुष्काळाने त्यांना अनाथ केले होते. आता दुष्काळातील अनाथांच्या त्या आई झाल्या. १९०५ मध्ये तेथे मुलींच्या नित्य सामुदायिक प्रार्थना सुरू झाल्या. पण प्रार्थनेबरोबरच विहिरी खोदणे, शेती, विणकाम आणि छपाईही चालू होती. संकट टळावे म्हणून देवाशी केलेला व्यवहार, हा प्रार्थनेचा अर्थ आता मागे पडला होता. संकटातही हातातील काम न सोडण्याचे बळ, हा तिचा नवा अर्थ होता.

४.३ प्रार्थनेची भाषा

भाषेच्या अभ्यासकाला रमाबाईंचे भाषांतर विशेष महत्त्वाचे वाटते. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील स्त्रियांना ते उमगत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत पंडिताने संस्कृत शब्द जाणीवपूर्वक बाजूला ठेवावेत, यामागे बालपणीचा अनुभवही असावा : पुराणे ऐकणाऱ्या कितीतरी श्रोत्यांना त्यांतील भाषा कळत नव्हती. मूळ शब्दाशी कडवी निष्ठा ठेवल्यामुळे त्यांची वाक्यरचना कोठे कोठे अवघडली, हेही मान्य केले पाहिजे.

मनोरमाबाईंच्या निधनानंतर हे काम थांबले नाही. शेवटपर्यंत रमाबाई त्यातच गढलेल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

४.४ समारोप

रमाबाईंच्या श्रद्धेने त्यांचे एकही दुःख टळले नाही. ती श्रद्धा आपल्याला मान्य असो वा नसो, दुःखातून त्यांनी घडवलेले कार्य आपल्यासमोर आहे. नोकरी, संसार आणि आपत्ती सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना त्याचे मोल निराळे सांगावे लागू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रमाबाईंच्या जीवनात प्रार्थनेचा अर्थ कसा बदलला, ते स्पष्ट करा.
२. भाषांतराची सुबोधता आणि मूलनिष्ठा यांतील ताण आपल्या शब्दांत मांडा.