कर्मवीर दादासाहेब गायकवाड : देऊळ, वतन आणि जमीन



नाशिकमध्ये एखादा मोठा मेळावा ठरला की दादासाहेब गायकवाड सभागृहाचे नाव हमखास निघते. भूमिहीनांना शेतजमीन देणारी राज्य सरकारची एक योजनाही याच नावाने चालते. नाव असे आपल्या तोंडी आहे, पण हे दादासाहेब कोण होते, असे तरुणांना विचारले तर बरेचजण गप्प राहतात. म्हणून या रविवारी आम्ही त्यांचे जीवन थोडक्यात सांगत आहोत. ते समजून घेताना आपल्या जिल्ह्याचीही ओळख नव्याने होते.

नाशिक जिल्हा १८६९ साली स्थापन झाला. आज त्यात पंधरा तालुके आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत पाऊस भरपूर, पीक भात-नागलीचे. पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नर या भागांत पाऊस हात आखडता घेतो. मधल्या पट्ट्यात गोदावरी आणि कादवा यांच्या काठची निफाड-दिंडोरीची जमीन. तेथे धरणे व कालवे झाले आणि द्राक्षे-कांद्याने पैसा आणला. अशा जिल्ह्यात ज्याच्याकडे जमीन आणि पाणी, त्याच्या शब्दाला गावात वजन. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याने दुसऱ्याच्या बांधावर राबायचे.

याच दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म एका महार कुटुंबात झाला. पुढे लोकांनी त्यांना प्रेमाने दादासाहेब म्हटले आणि कर्मवीर ही पदवीही लोकांनीच दिली. तरुणपणीच ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत आले आणि अखेरपर्यंत त्याच वाटेवर राहिले.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह

२ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष जमले. पंचवटीतील काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मोठी मिरवणूक निघाली, पण मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांसमोर सत्याग्रहींच्या तुकड्या बसू लागल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्या काळी आपल्या घरच्या बाईला असे रस्त्यावर बसू देणे म्हणजे काय, याचा विचार आपण करावा.

भाऊराव या सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. त्यांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस. बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले, इतर कामेही होतीच. नाशिकमध्ये राहून माणसे गोळा करणे, त्यांच्या भाकरीची सोय पाहणे, दगडफेक झाली तरी सत्याग्रहींना शांत ठेवणे आणि दरवर्षी रामनवमी आली की पुन्हा उभे राहणे, हे काम स्थानिक कार्यकर्त्यांचे होते आणि त्यांचा आधार भाऊराव होते. मिरवणूक एका दिवसाची असते. सत्याग्रह मात्र वर्षानुवर्षे चालवावा लागतो.

दरवाजे उघडले नाहीत. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून हा सत्याग्रह थांबवावा आणि समाजाची शक्ती शिक्षण व राजकारण यांकडे वळवावी, असे सुचवले. बाबासाहेबांनी त्यांना अशी अनेक पत्रे लिहिली. ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. काळारामाचे बंद दरवाजे आणि येवल्याची घोषणा यांचे नाते स्पष्ट आहे. देवाच्या नावाने माणसाला बाहेर ठेवले, की तो माणूस एक दिवस पाठ फिरवतो. ही गोष्ट प्रत्येक धर्माच्या लोकांनी, आपणही, मनाशी धरून ठेवण्यासारखी आहे.

वतनाची बेडी

१९३७ च्या निवडणुकीत भाऊराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्यांच्यासमोरचा एक मोठा प्रश्न महार वतनाचा होता. वतन म्हटले की आपल्याला मान आठवतो, परंतु हे वतन म्हणजे बेडी होती. जमिनीचा लहानसा तुकडा आणि सुगीला धान्याचा वाटा यांच्या बदल्यात संपूर्ण कुटुंबाने रात्रंदिवस सरकारची व गावाची कामे करायची. निरोप पोचवायचे, सरकारी टपाल वाहायचे, मेलेली जनावरे ओढायची. भावाभावांत वाटण्या होऊन जमीन तुकड्यातुकड्याने कमी होत गेली, कामे मात्र तेवढीच राहिली. हे वतन बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विधेयक मांडले होते. दादासाहेबांनी हा लढा गावोगाव नेला. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. फ्रान्समध्ये सरंजामी हक्क १७८९ च्या क्रांतीत रद्द झाले होते. आपल्या खेड्यांतील ही वेठ संपायला आणखी जवळजवळ १७० वर्षे लागली.

जमिनीसाठी

१९५६ साली बाबासाहेबांबरोबर त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि चळवळीचा भार दादासाहेबांसारख्यांवर आला. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते.

दिल्लीत बसूनही त्यांचे लक्ष खेड्यातील भूमिहीनांकडे होते. शेतमजूर रोजच्या भाकरीसाठी जमीनदाराच्या दारात उभा असेल, तर तो मत कोणाला देणार आणि अन्यायाविरुद्ध साक्ष कशी देणार? कायद्याने दिलेले स्वातंत्र्य वापरण्यासाठी पायाखाली थोडी तरी स्वतःची जमीन लागते, ही त्यांची साधी भूमिका होती. १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्यावी, ही मुख्य मागणी. पक्षाच्या हिशेबाप्रमाणे तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. त्यांत सर्व जातिधर्मांचे गरीब होते. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, हीही एक मागणी होती. ती १९९० साली पूर्ण झाली.

दादासाहेबांवर टीकाही झाली. शिकलेल्या काही सहकाऱ्यांना त्यांचे धोतर आणि खेडवळ वळण खटकले. जमिनीपेक्षा घटनात्मक हक्कांवर भर द्यावा, असे त्यांना वाटे. १९६७ मध्ये त्यांनी काँग्रेसशी हातमिळवणी केली, ती अनेकांना रुचली नाही आणि रिपब्लिकन पक्षातील फूट वाढली. या गोष्टी झाकण्याचे कारण नाही. मोठ्या माणसाचे निर्णयही तपासून पाहावे लागतात. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज

राज्य सरकारने १९७८ ते १९९० या काळातील दलित-आदिवासींची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे कायम करण्याचे ठरवले, त्यामागे या सत्याग्रहांची पुण्याई आहे. २००४ साली सुरू झालेल्या, त्यांच्या नावाच्या योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळू शकते. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. मात्र सरकारी दरात जमीन विकायला फार थोडे लोक पुढे येतात, त्यामुळे अनेकांचे अर्ज पडून राहतात. २०१८ च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यातील आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले. म्हणजे प्रश्न संपलेला नाही.

दया करणे सोपे असते. आपल्या ताटातले थोडे दिले की मन हलके होते. न्याय करायचा तर दुसऱ्याचे जे आहे ते त्याला द्यावे लागते, आणि तेथे आपला हात थांबतो. आपल्या द्राक्षबागेत, घरात, बांधकामावर येणाऱ्या मजुराची मजुरी वेळेवर आणि पूर्ण देतो का? त्याला आपल्याच भांड्यातून पाणी देतो का? दादासाहेबांचे स्मरण करताना प्रत्येक घराने या आठवड्यात एवढे तरी स्वतःला विचारावे.