लोकमान्य टिळक आणि साखरेचा आजार

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे पूर्ण नाव बाळ गंगाधर टिळक. शेंगांच्या टरफलांची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून मी ती लिहीत नाही. पण त्यांना मधुमेह होता हे आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते.

मला ते पार्ल्याला कळले. माझी आत्या विलेपार्ल्याला राहते. तिथे लोकमान्य सेवा संघ आहे. टिळक वारल्यावर त्यांच्या आठवणीसाठी पार्लेकरांनी तो १९२३ साली काढला. तो बघायला गेलो तेव्हा आत्याने सगळे सांगितले.

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. ते इन्सुलिन नावाचा रस थेट रक्तात सोडते. अशा रसाला हार्मोन म्हणतात. इन्सुलिनमुळे रक्तातली साखर अंगी लागते. ते कमी पडले की साखर रक्तातच साठते, लघवीवाटे जाते आणि माणूस गळून जातो. आमच्या आजीला हाच आजार आहे. आई तिला रोज पोटावर सुई टोचते. मी तेव्हा बाहेर जाऊन बसतो.

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा वाढदिवस होता! त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. तेव्हा इन्सुलिनची सुई जगात कुठेच नव्हती. नुसते पथ्य करायचे. टिळक तुरुंगात सातूच्या पिठाच्या पुऱ्या खात. आमची आजी तर भाताशिवाय दोन दिवस राहत नाही. असे पथ्य करत त्यांनी गीतारहस्य हा मोठा ग्रंथ लिहिला, तोही पेन्सिलीने. १९१२ साली इकडे त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. तुरुंगात तार आली, पण त्यांना येता आले नाही. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. १९१४ साली ते सुटले.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळक वारले. त्यांना न्यूमोनिया झाला होता. पुढच्याच वर्षी, १९२१ साली, कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला टोचले. तो १४ वर्षांचा होता, म्हणजे आमच्या दादाएवढा.

हे सगळं मी आजीला वाचून दाखवलं. ती आधी काहीच बोलली नाही. मग सातू बाजारात मिळतो का ते बाबांना विचारायला सांगितलं. गूळ मात्र अजून लपवून खाते.