सहा वर्षं शेत पडीक ठेवणारा शेतकरी नेता: नारायण नागू पाटील

२०१७ साली पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला तेव्हा शेतकरी संप करू शकतो का, यावर बरीच चर्चा झाली. पण असा संप महाराष्ट्राने त्याच्या चौऱ्याऐंशी वर्षं आधीच पाहिला होता. तो चालला सहा वर्षं आणि त्याचे नेते होते नारायण नागू पाटील.

पाटील हे अलिबागच्या खारेपाटातले आगरी शेतकरी. खारेपाट म्हणजे खाडीकाठची खाऱ्या पाण्याची जमीन. मातीचे बांध घालून समुद्राला बाहेर ठेवायचं, पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुवायचं आणि मग भात लावायचा, अशी इथली शेती. उधाणात बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं पीक नीट येत नाही. त्यामुळे बांधाची डागडुजी सतत करावी लागते.

हे कष्ट करायचे कुळांनी, पण जमीन मात्र खोत आणि सावकारांच्या नावावर. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून जायचा. वर वेठबिगारीही होतीच. तक्रार केली की जमीन दुसऱ्या कुळाकडे. भात पिकवणाऱ्याच्याच घरात वर्षभर पुरेल एवढं भात उरत नसे.

पाटलांना हे बाहेरून समजून घ्यावं लागलं नाही. भाई अनंत चित्रे यांच्यासोबत त्यांनी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडमध्ये, कुळांची संघटना बांधायला घेतली. गावोगावी सभा झाल्या, १९३० साली पेणला शेतकरी परिषद भरली. मागण्या साध्या होत्या: खंड कमी करा, वेठबिगार थांबवा, कसणाऱ्याला जमिनीवर हक्क द्या.

खोत बधले नाहीत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात सभा झाली आणि संप जाहीर झाला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असं ठरलं. चरीसह २५ गावं त्यात उतरली.

हा निर्णय सोपा नव्हता. कारखान्यातल्या संपात मालकाचं यंत्र थांबतं, इथे कुळाची स्वतःची चूलही थंडावणार होती. लोकांनी रानातून लाकडाच्या मोळ्या आणून विकल्या, खाडीतली मासळी धरली, मिळेल तिथे मजुरी केली. उपासमार झाली, पण संप मोडला नाही.

१६ डिसेंबर १९३४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि संपाला पाठिंबा दिला. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी ‘कृषीवल’ सुरू झालं, कारण शेतकऱ्यांची बाजू मांडायला स्वतःचं वृत्तपत्र हवं, हे पाटलांनी ओळखलं होतं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला.

शेवटी सरकारला लक्ष घालावं लागलं. मोरारजी देसाई तेव्हा महसूलमंत्री होते. १९३९ मध्ये संप मिटला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने कुळांना संरक्षण देण्याची सुरुवात झाली. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा हे त्यापुढचे टप्पे. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला, कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक मानली जाऊ लागली.

पाटलांनी आपलं आयुष्य ‘कथा एका शेतकऱ्याची’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. त्यांचे पुत्र दत्ता पाटील पुढे शेकापचे नेते आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेते झाले.

अन्नसुरक्षा म्हटलं की बियाणं, खत, हमीभाव, रेशन हे शब्द येतात. चरीच्या संपाने त्याआधीचा प्रश्न विचारला होता: जो बांध राखतो त्याचा पिकावर हक्क किती? रायगडच्या किनाऱ्यावर आजही खारबंदिस्ती फुटते, भातशेतीत खारं पाणी शिरतं आणि शेतं पडीक होतात. कूळकायद्याने जमीन शेतकऱ्याच्या नावावर आली, पण समुद्र काही मागे हटलेला नाही. तो बांध राखायचा तर कसणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडायला हवं, हे या गावांना १९३३ मध्येच कळलं होतं.